झालेला खर्च आणि होणारा खर्च



सोयाबीनची रास घरात आली की प्रत्येक घरी एकच प्रश्न उभा राहतो : आता विकावे की ठेवावे? लातूर-बार्शी रस्त्यावरील आमच्या मुरुड भागात याचे उत्तर बहुधा असे मिळते, "एकरी बावीस हजार गेलेत. पाच हजारांच्या खाली माल सोडायचा नाही." बोलणे रास्त वाटते. घाम गाळून पिकविलेला माल मातीमोल का द्यावा? पण हिशेबाच्या दृष्टीने यात एक गफलत आहे आणि ती घराला महागात पडते.

पेरणी, खत, खुरपणी, काढणी यांवर गेलेला पैसा गेला. माल आज विकला काय किंवा वैशाखात विकला काय, तो आकडा तेवढाच राहतो. म्हणून 'विकावे की ठेवावे' या प्रश्नात त्याला जागा नाही. येथे फक्त आजपासून पुढे काय बदलणार, तेवढेच मांडावे.

ठेवण्याची किंमत

समजा, १० क्विंटल माल आहे, ओलावा १४ टक्के आणि आजचा दर ४,२०० रुपये. आज विकल्यास ४२,००० रुपये हाती येतात. ठेवायचा तर तो वाळवावा लागेल. ओलावा १० टक्क्यांवर आला की १० क्विंटलचे साधारण ९ क्विंटल ५५ किलो भरतात. म्हणजे ४५ किलो वाऱ्यावर गेले. बारदान, हमाली व भाडे मिळून ५०० रुपये धरू. दुकानाची उधारी आणि मुलांची फी थांबत नाही, म्हणून शेकडा २ रुपये महिन्याने ४२,००० रुपये उचलले, तर सहा महिन्यांचे व्याज ५,०४० रुपये. सगळे मिळून ४७,५४० रुपये झाले. याला ९.५५ ने भागा. सहा महिन्यांनी दर ४,९८० च्या जवळ गेला, तरच तुम्ही आजच्याइतकेच राहिलात! नफा त्याच्या पुढे.

आता दुसरी वाट पाहू. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. तीत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के वार्षिक व्याजाने मिळते. ३०,००० रुपये तेथून घेतले तर सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये. उरलेले १२,००० बाहेरून घेतले तर १,४४० रुपये. आता बरोबरीचा दर ४,७०० च्या आत येतो. माल तोच, घर तेच. पैसा कोठून उचलला एवढ्यानेच क्विंटलमागे सुमारे २८० रुपयांचा फरक पडला.

हमीभावाचे केंद्र चालू असेल तर आधी नोंदणी करावी. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. अशा वर्षी नंबर लागण्याची वाट पाहणे आणि भाव वाढण्याची वाट पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पेरणीचा खर्च लिहायचा कशाला?

पुढच्या वर्षी काय पेरायचे ते ठरविण्यासाठी. तेथे प्रत्येक रुपया लागतो, आणि तोही रानागणिक. समजा, एकरी खर्च सगळीकडे २२,००० आहे. काळ्या रानात ८ क्विंटल झाले तर क्विंटलला २,७५० रुपये पडले. मुरमाड रानात ५ क्विंटल झाले तर ४,४०० पडले. ४,२०० च्या दराने एक रान कमावते आणि दुसरे त्याचेच खाते. दोन्ही रानांचा हिशेब एकत्र केला की हे झाकून जाते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातला प्रकार!

घरचे बियाणे फुकट धरू नये, ते विकले असते तर किती आले असते तो दर लिहावा. घरच्या माणसांचे काम तर हमखास सुटते. खुरपणीला मालकीण आणि सून वीस दिवस राबल्या, तर वहीत ते वीस दिवस दिसले पाहिजेत. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा खर्च पायरीपायरीने मांडतो : आधी रोख खर्च, मग त्यात घरच्या मजुरीची किंमत, मग स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज. २०२४-२५ साठी घरच्या मजुरीसह त्याचा आकडा क्विंटलला ३,२६१ रुपये होता. पण ती देशाची सरासरी आहे. तुमचा आकडा तुमच्या वहीतच सापडेल.

उभ्या पिकातला निर्णय

आणखी एक फवारणी करावी का? औषध व मजुरी मिळून एकरी १,२०० रुपये लागत असतील, तर ४,२०० च्या दराने ती किमान २९ किलो सोयाबीन वाचविणारी हवी. आधीच्या दोन फवारण्यांवर किती गेले हे येथे विचारू नये. रानात जाऊन अळ्या मोजाव्या आणि मग डबा उघडावा.

कंपनीच्या संचालकांसाठी

२००३ पासून कायद्याने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते आणि गावोगावचे आपले बांधव संचालक झाले आहेत. ताळेबंद पाहिला की अनेकजण तो हिशेबनिसाकडे सरकवतात. तसे करू नये, साधे प्रश्न विचारावे. समजा, धान्य चाळणी यंत्राचा हप्ता, घसारा व पगार वर्षाला ३ लाख आहे. क्विंटलला आकार १०० रुपये आणि वीज-हमाली ४० रुपये, म्हणजे उरतात ६०. तीन लाख भागायला ५,००० क्विंटल माल यावा लागेल. सभासदांकडून ३,००० च येणार असेल, तर बाकीचा कोठून आणायचा ते यंत्र घेण्यापूर्वी ठरवावे. यंत्र आल्यावर तो प्रश्न एक लाख वीस हजारांच्या तोट्याचा होतो.

वही कशी ठेवावी

शंभर पानी वही पुरे. प्रत्येक रानाला चार पाने द्यावी. तारीख, काम, रोख किती गेले, घरची माणसे किती दिवस आणि शेवटी उत्पन्न, एवढे रकाने बस्स. रोज दिवेलागणीला लिहावे. आठवड्याने लिहिले की निम्मे विसरते. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे वही द्यावी आणि महिन्याला बेरीज सर्वांसमोर वाचावी. घरातल्या प्रत्येकाला आकडा ठाऊक असला, की विकण्याचा निर्णय एकट्या कारभाऱ्याच्या माथी राहत नाही.