विषय ‘काढायचा’ की शिकायचा?

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की पुण्याच्या धायरीतल्या घराघरांत एक वाद सुरू होतो. कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, कॉलेजांची यादी भरायची असते. मुलाला किंवा मुलीला ‘कॉम्प’, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, हवं असतं. नेमका त्याच वेळी आयटीत नोकरी करणारा एखादा मामा ठामपणे सांगतो, ‘कोड आता एआय लिहितं. चार वर्षं आणि एवढे लाख रुपये कशाला घालवता? सहा महिन्यांचा एखादा कोर्स करू दे.’ आईवडील गप्प होतात. सांगणारा घरचा असतो आणि त्याच क्षेत्रात मुरलेला असतो.

हे म्हणणं हसून सोडून देण्यासारखं नाही. धायरीला तर नाहीच नाही. एका अंगाला नऱ्हे-आंबेगाव, दुसऱ्या अंगाला वडगाव बुद्रुक, थोडं पुढे धनकवडी. इंजिनीअरिंग कॉलेजांची इतकी दाटी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. धनकवडीचं पीआयसीटी (पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी) तर १९८३ मध्ये संगणकाचंच नाव घेऊन सुरू झालं. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत पूर्णपणे आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून रायकर मळा, बेनकर वस्ती इथल्या इमारतींत बीड, लातूर, सोलापूरकडची मुलं तिघंचौघं मिळून खोली घेऊन राहत आली आहेत. कुणाच्या बापाने शेताचा तुकडा विकलेला असतो, कुणी बँकेचं कर्ज काढलेलं असतं. अशा घराला ‘ही पदवी वाया आहे’ असं सांगायचं, तर ते खरं आहे की नाही हे तपासून सांगितलं पाहिजे.

मामाचा एक दाखला फार वजनदार वाटतो. भारतातला सॉफ्टवेअर उद्योग ज्यांनी उभा केला, त्यांच्यापैकी कितीजणांकडे संगणकाची पदवी होती? टीसीएसचे फकीरचंद कोहली इलेक्ट्रिकल इंजिनीअर. अच्युत गोडबोले आयआयटी मुंबईचे, १९७२ चे केमिकल इंजिनीअर, आणि त्यांनी मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवल्या. दाखला खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. त्या पिढीच्या उमेदीच्या काळात संगणकशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम भारतात जवळपास नव्हतेच. आयआयटी कानपूरसारख्या ठिकाणीसुद्धा बीटेकला हा विषय सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आला. शिवाय गोडबोल्यांनी शास्त्राला वळसा घातला, असं झालंच नाही. केमिकलची पदवी घेतलेल्या या माणसाने पुढे ऑपरेटिंग सिस्टिम्सवर पाठ्यपुस्तक लिहिलं. ज्या विषयाला आज थर्ड इयरची मुलं ‘नुसती थिअरी’ म्हणतात, तो त्यांनी स्वतःहून इतका आत जाऊन अभ्यासला. आणि पुण्याचंच उदाहरण घ्यायचं तर १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू करणारे आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरला संगणकशास्त्रच शिकले होते, पुढे त्यांनी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पीएचडी केली.

सहा महिन्यांच्या कोर्सचा अनुभवही महाराष्ट्राला नवा नाही. नव्वदच्या दशकात वायटूकेच्या कामासाठी, म्हणजे २००० साल उजाडताना जुन्या प्रोग्राममधल्या तारखा बिघडू नयेत म्हणून, कोबोल ही भाषा जाणणारी माणसं हवी होती. गल्लोगल्ली क्लास निघाले, सर्टिफिकेटं वाटली गेली, अनेकांना परदेशही दिसला. २००० साल उलटलं आणि ते काम संपलं. ज्यांना फक्त कोबोलचं व्याकरण येत होतं त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागली. ज्यांना फाइल डिस्कवर कशी मांडली जाते, डेटाबेस कुलूप कसं लावतो हे कळलं होतं, ते जावाकडे, पुढे आणखी कशाकडे वळले. भाषा दर पाच-दहा वर्षांनी बदलतात, त्यांच्याखालचं शास्त्र तसं बदलत नाही.

आता एआयचा मुद्दा. यंत्र कोड लिहितं हे खरंच आहे, आणि पुष्कळदा ते कोड चांगलंही असतं. पण लिहिलेलं कोड बरोबर आहे, हे कोण ठरवणार?

एक साधी गोष्ट पाहावी. सेकंड इयरचा प्रत्येक विद्यार्थी बायनरी सर्च शिकतो. दहा लाख नावांची क्रमवार यादी असेल तर मधलं नाव बघायचं, हवं ते नाव आधी येतं की नंतर हे ठरवायचं, उरलेली अर्धी यादी सोडून द्यायची. पहिल्यापासून शोधत बसलं तर सरासरी पाच लाख नावं बघावी लागतील, इथे वीस वेळा तुलना केली की काम होतं. इतका सोपा प्रोग्राम, दहा-बारा ओळींचा. तरीही जावाच्या अधिकृत लायब्ररीत त्यात एक चूक सुमारे नऊ वर्षं बसून होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉख यांनी ती जाहीर केली. हे कोड लिहिणारेही तेच होते, आणि स्वतःची चूक त्यांनी उघडपणे सांगितली. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनने भागलं जात होतं. ती बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की बत्तीस बिटांत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. यादी १०७ कोटींहून मोठी असल्याशिवाय ही चूक दिसणारच नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या चाचण्या पास होत राहिल्या. बत्तीस बिटांत ऋण संख्या कशी मांडतात हे पुणे विद्यापीठाच्या सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकवतात. मुलं त्याला ‘ऑप्शनला टाकायचं युनिट’ म्हणतात.

कोड यंत्राने लिहो की माणसाने, अशी चूक ओळखायला तेच युनिट लागतं. उद्या यंत्राने दिवसाला हजार ओळी लिहिल्या, तर त्यावर सही करणाऱ्याची जबाबदारी हजार ओळींची होते.

‘मग तपासायलाही दुसरं एआय लावू,’ असं उत्तर येतं. याचं उत्तर अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्माला येण्याआधीच देऊन ठेवलं आहे. दिलेला कोणताही प्रोग्राम दिलेल्या इनपुटवर कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील, हे दर वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. ट्युरिंगची ही सिद्धता आहे आणि ती कितीही वेगवान यंत्र आणलं तरी बदलत नाही. अनेक प्रोग्राम तपासता येतात, सगळे नाही. आपल्या साधनाची मर्यादा कुठे आहे हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच हाती साधन द्यावं. ही मर्यादा थर्ड इयरला ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ या विषयात शिकवली जाते, ज्याला सगळी धायरी-नऱ्हे टीओसी म्हणते आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते.

टीओसीची ही धास्ती कुठून येते, ते बघितलं तर मामाच्या म्हणण्यातला खरा अंश हाती लागतो. परीक्षेचा एक नेहमीचा प्रश्न असा: ज्या द्विमान संख्येला ३ ने भाग जातो तेवढीच स्वीकारणारं यंत्र काढा. उत्तर म्हणजे तीन वर्तुळं आणि सहा बाण. पेपरच्या आदल्या रात्री खोलीवर गाइड उघडून ती आकृती पाठ केली जाते. खरं तर पाठ करण्यासारखं त्यात काही नाही. तीन वर्तुळं म्हणजे तीन बाकी: ०, १ आणि २. पुढचा अंक वाचला की आधीची बाकी दुप्पट करायची, नवा अंक मिळवायचा, ३ ने भागून उरेल त्या वर्तुळात जायचं. ११० ही संख्या घ्या. पहिला १ वाचला, बाकी १. दुसरा १ वाचला, दोन अधिक एक तीन, बाकी ०. मग ० वाचला, बाकी शून्यच. संख्या सहा, भाग जातो. आकडा हजार अंकी असला तरी वर्तुळं तीनच पुरतात. हे ज्या मुलीला कळलं ती ५ साठी पाच वर्तुळं स्वतः काढते. जिने आकृती पाठ केली, ती पेपरात ३ च्या जागी ५ दिसला की पेन खाली ठेवते.

विषय ‘काढला’ असं मुलं म्हणतात. चाळीस मार्क पडले, विषय निघाला. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सहा युनिटांपैकी दोनांवर ३० मार्कांची इनसेम आणि उरलेल्या चारांवर ७० मार्कांची एंडसेम, मागच्या पेपरांतले ठरावीक प्रश्न, जर्नलची उतरवाउतरव, आणि शेवटच्या वर्षी बाहेरून करून घेतलेलं प्रोजेक्ट. ही पदवी अशा वाटेने मिळाली असेल तर मामा बरोबर बोलतो. तिला किंमत नाही, आणि एआय आल्यावर ती आणखी कमी झाली. पण यातला दोष शिकवण्या-शिकण्याचा आणि परीक्षेचा आहे. त्यासाठी शास्त्राला बोल लावणं अन्यायाचं आहे.

प्रोजेक्टवरून एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. दिलेली संख्या मूळ संख्या आहे का, हे वेगाने आणि खात्रीने सांगता येईल का, हा प्रश्न गणितात फार जुना. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतीच बीटेक संपवली होती, आणि या कामाचा धागा त्यांच्या बीटेक प्रोजेक्टपासूनच सुरू झाला होता. २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं. प्रत्येकाने असं काही करावं ही अपेक्षा कुणी ठेवत नाही. पण ज्या प्रोजेक्टला इतकं बळ असू शकतं, ते विकत घेणारा विद्यार्थी आपल्याच पदवीतला सर्वांत मोलाचा भाग दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतो.

‘अभ्यासक्रम जुना आहे’ ही तक्रार तर उलटी करून ऐकायला हवी. एडगर कॉडने रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली. डायक्स्ट्राची सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत १९५९ ची. धायरी फाट्यावरून स्वारगेटला जायचा मार्ग फोन दाखवतो, त्याच्या मुळाशी त्याच जातीचा विचार आहे. फाट्यावर वडापाव घेऊन यूपीआयने पैसे भरताना नेट गेलं, तर पैसे अर्ध्यात अडकून राहू नयेत, व्यवहार पूर्ण व्हावा नाहीतर मागे फिरावा, हा विचार डीबीएमएस या डेटाबेसच्या विषयातल्या ट्रान्झॅक्शनच्या धड्यात आहे. या जुन्या गोष्टी रोज कामाला येतात. पुण्याच्या अभ्यासक्रमात खटकलं ते उलट नवेपणाच्या हव्यासातून आलेलं आहे. २०१९ च्या पॅटर्नमध्ये ‘डिझाइन अँड अॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स’ हा पाया बीईच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, पहिल्या सत्रात ठेवला गेला, म्हणजे कंपन्या प्लेसमेंटला दारात येतात तेव्हा. त्याच सत्रात ब्लॉकचेन सक्तीचा विषय झाला. अल्गोरिदम थर्ड इयरला आणून ब्लॉकचेन ऐच्छिक ठेवला असता, तर कुणाचंही नुकसान झालं नसतं.

भाषेचीही अडचण आहे, आणि ती धायरीच्या खोल्यांत जास्त जाणवते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल सिद्धता इंग्रजीत वाचताना वाक्यापाशीच अडतं, आशयापर्यंत पोचतच नाही, आणि पाठांतराकडे वळतं. वर सांगितलेली तीन वर्तुळांची गोष्ट मराठीत पाच मिनिटांत समजते. पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओईत २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची एक तुकडी मराठीतून सुरू झाली. परीक्षा इंग्रजीत द्यायची असली, तरी वर्गात मराठीतून समजावून सांगायला कुठल्याही प्राध्यापकाला मनाई नाही.

आणि ज्यांना कॅपमध्ये कॉम्प्युटर मिळालं नाही, त्यांनी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला दुय्यम मानू नये. पुणे विद्यापीठाच्या त्या पदवीत पहिल्याच वर्षी गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स बरोबरीने शिकवलं जात आलं आहे. मशीन लर्निंगकडे जाणाऱ्याला संख्याशास्त्राशिवाय पाऊल टाकता येत नाही.

तेव्हा धायरीतल्या, आणि कुठल्याही गावातल्या, आईवडिलांना एक विनंती. कॉलेज बघायला जाल तेव्हा सर्वांत मोठं पॅकेज किती मिळालं हे जरूर विचारा, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. टीओसी आणि अल्गोरिदम शिकवणारे प्राध्यापक इथे किती वर्षं आहेत? आणि ओरलला मुलांकडून समोर बसवून प्रोग्राम लिहून घेतात का? उत्तर द्यायला कॉलेज टाळाटाळ करत असेल, तर त्या कॉलेजचं नाव यादीत खाली टाका.