हमीपत्र कोणी लिहून द्यायचं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एक अंगणवाडीताई संध्याकाळी केंद्रावर आल्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले दोन कागद होते. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजनं जर्मनीतल्या एका विद्यापीठाबरोबर बारा दिवसांचा अभ्यासदौरा ठरवला होता. जाणारे चोवीस जण, त्यात मुली सहा.

पहिला कागद सगळ्यांसाठी होता. आजारपण, अपघात, चोरी, कशाचीही जबाबदारी संस्थेवर राहणार नाही, असं पालकांनी लिहून द्यायचं. दुसरा कागद फक्त मुलींसाठी. रात्री आठनंतर खोलीबाहेर पडणार नाही, एकटी कुठंही जाणार नाही, शोभेल असाच पोशाख करीन, पासपोर्ट सरांकडे जमा करीन. खाली मुलीची सही, वडिलांची सही. आईच्या सहीला जागाच नव्हती.

"ताई, सगळी हमी आम्हीच लिहून द्यायची. मग कॉलेज काय लिहून देणार?"

या अंकाचं संपादकीय त्यांच्या या प्रश्नानं सुरू करते आहे.

घरात काय झालं तेही त्यांनी सांगितलं. दुसरा कागद मोठ्या भावानं वाचला आणि म्हणाला, "कॉलेजच सांगतंय धोका आहे म्हणून. मग पाठवायचंच कशाला?" मुलीनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन निम्मे पैसे जमवले होते. कागदावर कुठंही 'जाऊ नका' असं लिहिलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याला तेवढंच दिसलं.

आपल्यापैकी काहीजणींना वाटेल, परदेशदौरा हा मूठभरांचा प्रश्न, आपल्यापुढं रेशन आहे, पाणी आहे, मारहाण आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आज परदेशी जाणाऱ्या मुली फक्त बंगल्यांतून निघत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर दलित वस्त्यांतल्या मुली जातात. शेत विकून वैद्यकीय शिक्षणाला पाठवलेल्या मुली आहेत, नर्सिंगच्या आहेत, कृषी विद्यापीठांच्या दौऱ्यावर गेलेल्या आहेत. जिचा मामा लंडनला आहे, तिला अडचणीत एक दार तरी असतं. घरातला पहिला पासपोर्ट जिचा आहे, तिला संस्थेशिवाय कोणी नसतं. म्हणून संस्थेनं काय करायचं हा प्रश्न तिच्यासाठी सगळ्यात मोठा.

ही गोष्ट नवी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. तिकडं त्यांना उतरवून घेतलं, घरात ठेवलं ते न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी. आधी केवळ पत्रांतून झालेली ही ओळख. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण व्हायच्या आत, क्षयानं गेल्या. त्यांच्या धैर्याचे गोडवे आपण गातो, गायलाच हवेत. पण परक्या हवेत, परक्या अन्नावर, खोकत अभ्यास करणाऱ्या मुलीच्या प्रकृतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या गौरवात बुडून जातो. एका भल्या बाईच्या भरवशावर तेव्हा निभावलं, तेही अर्धंच. आज विद्यापीठं करारावर सह्या करून मुलांना पाठवतात. तेव्हा भरवसा भलेपणावर नको, लेखी हवा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपल्याला माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी वेगळे नियम केले. त्यात 'कॅम्पस' म्हणजे फक्त कॉलेजचं आवार नव्हे. अभ्यासदौरे, सहली, इंटर्नशिप, शिबिरं, क्रीडास्पर्धा, जिथं जिथं मुलगी त्या संस्थेची विद्यार्थिनी म्हणून जाते ती सगळी ठिकाणं त्यात येतात. दौरा देशातला की परदेशातला, असा भेद त्या व्याख्येत केलेला नाही. म्हणजे म्युनिकच्या हॉटेलात सोबतच्या प्राध्यापकानं किंवा वर्गमित्रानं त्रास दिला, तर परत आल्यावर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याचा तिचा हक्क शाबूत असतो. तक्रारीची मुदत तीन महिने, आणि समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने. तक्रार विद्यार्थ्यांसंबंधी असेल तेव्हा समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असायला हवेत. शिवाय भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल भारतात खटला चालू शकतो, त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते.

हे सगळं सहज मिळालेलं नाही. अमेरिकेत, जिथून हल्ली 'सुरक्षित प्रवासा'च्या जाडजूड पुस्तिका येतात, तिथंही हा प्रश्न कोर्टात गेला होता. मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासदौऱ्यात सोबतच्या मुलांनी केलेल्या छळाची तक्रार केली. घटना देशाबाहेरची, तेव्हा शिक्षणातल्या भेदभावाविरुद्धचा १९७२ चा कायदा लागू होत नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं. २००२ साली कोर्टानं ते नाकारलं. पुढं २०२० साली तिथल्या सरकारच्या नियमांनी पुन्हा कुंपण घातलं, की घटना अमेरिकेत घडली असेल तरच तो कायदा. एकदा मिळालेली जागा अशी परत जाऊ शकते. आपल्याकडे नियम आहे, पण तो वापरला नाही तर कागदावर वाळून जाईल. किती कॉलेजांच्या दौऱ्याच्या माहितीपत्रकावर तक्रार समितीच्या सदस्येचा फोन नंबर असतो? मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुसरी बाजू आरोग्याची. इथं तर आपली तोंडं शिवलेलीच असतात. दौऱ्याआधी मुलींची वेगळी बैठक होते आणि तीत 'जपून राहा' एवढंच सांगतात. मी समाजकार्याचं शिक्षण घेताना आमच्या दौऱ्यालाही हेच सांगितलं होतं. कशाला जपायचं ते कोणी सांगितलं नाही.

साध्या गोष्टी घ्या. दिवसभर बसमध्ये, स्वच्छतागृह कुठं मिळेल माहीत नाही, म्हणून मुली पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळ्या आणायची सवय. युरोपात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं मिळत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निघण्यापूर्वी रक्त तपासणं हे लाड नव्हेत. नेहमीची औषधं पुरेशी न्यावीत, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, कंपनीचं नाव तिकडं कोणाला कळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही. आपल्याकडे सर्दीच्या काही गोळ्यांत असतं ते स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये चालत नाही. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात जायचं तर लस किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अलग ठेवतात.

आणि आता ती गोष्ट, जी पालकसभेत कोणी उच्चारत नाही. बलात्कार झाला, तर गर्भधारणा टाळायची नेहमीची गोळी आणि एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी चांगली. परक्या शहरात, परक्या भाषेत, हे ७२ तास 'घरी काय सांगू' या विचारात निघून जातात. गर्भपाताचा कायदाही देशागणिक बदलतो. २०१२ साली आयर्लंडमध्ये बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा सतरा आठवड्यांचा गर्भ टिकणार नाही, हे डॉक्टरांना कळलं होतं. तरी गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि रक्तात जंतुसंसर्ग होऊन त्या गेल्या. त्या स्वतः दंतवैद्य होत्या. पुढं २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडनं घटना बदलली. उलट अमेरिकेत २०२२ पासून हा हक्क राज्याराज्यांच्या मर्जीवर गेला. आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे, २०२१ ची दुरुस्ती आहे, आणि ज्या परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो तिथं अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलं आहे. विमानात बसलेल्या मुलीला हे हक्क सोबत येतील असं वाटतं. ते येत नाहीत. निघण्यापूर्वी हे तिला सांगणं ही संस्थेची जबाबदारी आहे.

तिसरी बाजू पैशांची आणि परतीची. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला की कॉलेज हात झटकतं. पण बहुतेक पॉलिसींत आधीपासूनचे आजार आणि गर्भारपण वगळलेलं असतं, आणि कित्येकदा पैसे आधी आपण भरायचे असतात. ते कोण भरणार? २०२० च्या फेब्रुवारीत वुहानहून ६४७ भारतीयांना विमानानं आणलं, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. २०२२ साली युक्रेनच्या सुमी शहरात सुमारे सातशे विद्यार्थी अडकले, बर्फ वितळवून पाणी पीत होते. त्या दिवसांत वसतिगृहातल्या मुलींची पाळी थांबली नव्हती. परराष्ट्र खात्याची 'मदद' ही तक्रारव्यवस्था २०१५ पासून आहे, अडचणीतल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे कल्याण निधीही असतो. मुलीच्या पर्समध्ये दूतावासाचा नंबर असतो का?

अंगणवाडीताईंबरोबर आम्ही चौघी प्राचार्यांना भेटलो. ते वाईट माणूस नव्हते. "काळजीपोटीच लिहिलं हो," म्हणाले. आम्ही म्हटलं, सर, काळजी आहे ना, मग तुमच्या बाजूचा कागद लिहू. दोन बैठका झाल्या. दुसरा कागद मागं घेतला गेला. सोबत एक प्राध्यापिका द्यायचं ठरलं. मुलामुलींची एकत्र बैठक झाली, त्यात डॉक्टरबाईंनी सगळं सरळ शब्दांत सांगितलं. मुलं आधी खिदळली, मग गप्प बसून ऐकू लागली.

सहापैकी चौघी गेल्या. अंगणवाडीताईंची मुलगी गेली. पाचव्या दिवशी एकीला ताप आला, लघवीचा त्रास होता. तिनं बाईंना सांगितलं, दवाखान्यात नेलं, विम्यातून बिल भागलं, तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांबरोबर फिरत होती. बातमी व्हावी असं काहीच घडलं नाही.

उरलेल्या दोघी गेल्या नाहीत. कागद मागं घेतला गेला हे त्यांच्या घरी पोचेपर्यंत घरचा निर्णय झाला होता. मागं घेतलेला कागदही आपलं काम करून गेला.

म्हणून मैत्रिणींनो, कागद छापला जाण्याआधी आपण तिथं पोचायला हवं. आपापल्या गावातल्या कॉलेजांना, विद्यापीठांना हे प्रश्न लेखी विचारा:

१. दौऱ्यावर जबाबदार कोण, त्यात बाई आहे का, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?

२. विम्यात काय बसतं, काय बसत नाही, आणि तातडीचे पैसे, परतीचं तिकीट कोण भरणार?

३. तिथले कायदे, दवाखाने, औषधं यांची माहिती मुलांना आणि मुलींना एकत्र दिली का?

४. तक्रार समितीच्या सदस्येचा नंबर प्रत्येकीकडे आहे का? तक्रार आली तर दौऱ्यावर वेगळं कोणाला ठेवणार, तिला की त्याला?

५. पासपोर्ट तिच्याच हातात राहणार ना? सरांकडे झेरॉक्स पुरे.

६. ती सज्ञान आहे. अडचणीत घरी कोणाला फोन करायचा, आईला, मावशीला की मैत्रिणीला, हे ती ठरवणार ना?

उत्तरं आली की आम्हाला कळवा. आली नाहीत तर तेही कळवा. पुढच्या अंकात ती छापू, आणि आपण सगळ्याजणी मिळून संस्थेनं द्यायच्या हमीपत्राचा एक नमुना तयार करू. त्यावर आईच्या सहीसाठी जागा असेल.

संपादक मंडळासाठी