‘परिवार’ म्हणता, तर परिवारासारखे वागवा!

१९९१ साली अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’चे पहिले दालन उघडले, २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चे. पुढे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील मध्यमवर्गीय कुटुंबांची महिन्याची खरेदीही अशाच दालनांकडे वळली. ग्राहक राजा झाला, हे खरेच. पण त्या राजाच्या सेवेत दिवसभर उभ्या असलेल्या तरुण-तरुणींचे काय?

या व्यवसायाची नेहमीची तक्रार असते की मुले टिकत नाहीत. शिकवून तयार केलेला विक्रेता चार पैसे अधिक मिळताच समोरच्या दालनात जातो. त्यावर व्यवस्थापनशास्त्राचे उपाय ठरलेले! ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ची तसबीर, प्रमाणपत्र, वाढदिवसाचा केक आणि ‘आपण सारे एक परिवार’ ही घोषणा. कौतुकाची थाप कोणाला नको असते? परंतु त्या थापेने घरभाडे भागत नाही आणि विरार लोकलचा पासही निघत नाही.

माणूस टिकवण्याची खरी विद्या या कंपन्यांना ठाऊक नाही, असे मात्र नाही. ‘डी-मार्ट’ चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सने भांडवलबाजारात उतरताना कर्मचाऱ्यांसाठी समभाग योजना आखली. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विकलेला समभाग नोंदणीच्या दिवशीच ६०० रुपयांच्या पुढे उघडला. योजनेत ज्यांना स्थान मिळाले, त्यांना कंपनीचा उत्कर्ष हा स्वतःचा उत्कर्ष वाटला, तर नवल नाही. परंतु त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालांत कायम कर्मचाऱ्यांच्या कित्येक पट कंत्राटी मनुष्यबळ दिसते. ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याच्याकडून जन्मभराच्या निष्ठेची अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

साधी खुर्चीच घ्या. दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने दिला. केंद्राच्या २०२० च्या कार्यसुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, असे कलम आहे. बसायला जागा द्या, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागावा, ही ‘परिवारा’ची कोणती रीत? महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली, तशी कामगाराची साप्ताहिक सुट्टीही बंधनकारक केली. मुभा तेवढी लक्षात ठेवायची आणि बंधन विसरायचे, हे चालणार नाही.

विदेशी कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. येथे प्रश्न आपल्याच मातीतील उद्योगांचा आहे. भांडवल स्वदेशी असले म्हणजे वर्तन आपोआप स्वदेशी होत नाही. ज्या घरात कर्त्याचे ताट भरलेले आणि धाकट्याचे रिकामे, त्या घराला आपल्याकडे परिवार म्हणत नाहीत.

आणि ग्राहकही यातून सुटत नाही. दिवाळीच्या तोंडावर रात्री दहा वाजता दालनात शिरून ‘इतकी संथ सेवा!’ म्हणून त्रागा करणाऱ्याने गल्ल्यामागच्या मुलीला घरी पोहोचायला किती वाजतील, याचाही हिशेब करावा. तीही कोणाच्या तरी घरची लेक आहे. कायम नोकरी, हक्काची सुट्टी, नफ्यातील वाटा आणि बसायला खुर्ची एवढे दिले, तर ‘टिकवण्या’च्या कार्यशाळा भरवण्याची वेळ येणार नाही.