थैली गावाजवळच उघडली पाहिजे

सरकारला गरिबाचं काही मिटवायचं असलं की ते 'बंद' म्हणत नाही. 'विलीन' म्हणतं. 2024 च्या अखेरीस रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे आरएमएसच्या, छोट्या कचेऱ्यांवर हाच शब्द येऊन पडला. केरळात टपाल कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपल्यातल्या कित्येक पोरांना मात्र आरएमएस कशाशी खातात हेच ठाऊक नाही. म्हणून हे लिहितोय.

आरएमएस म्हणजे स्टेशनाला चिकटलेली ती खोली. आजूबाजूच्या पोस्टांच्या थैल्या तिथं येतात, ओतल्या जातात, पत्रं खणाखणांत पडतात आणि पोस्टापोस्टाची थैली वेगळी होऊन निघते. ही खोली काढली की शेजारच्या गावाला टाकलेलं पत्र आधी लांबच्या शहरात जाणार आणि तिथून उलटं फिरून शेजारी येणार. एकाच जिल्ह्यात दोन वडगाव, तीन पिंपळगाव. पिनकोड चुकला तरी कुठलं वडगाव ते जुना सॉर्टर ओळखतो. शहरातल्या हबला त्याचं काय सोयरसुतक?

पिनकोडचंच बघा. वेलणकरांनी आखलेला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. पँथर जन्मली तेच साल. त्या सहा आकड्यांतला तिसरा आकडा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा. आता आकडा आम्ही लिहायचा आणि टेबल तुम्ही उचलायचं, हा कुठला न्याय?

शहाणे विचारतील, मोबाइलच्या जमान्यात पत्रं लिहितो कोण? कबूल. मायेची पत्रं संपली. उरली ती पोटाची आणि कायद्याची. मुलाखतीचं बोलावणं, नेमणुकीची ऑर्डर, कोर्टाचं समन्स. या सगळ्यांना तारीख असते. तारीख हुकली की कागद रद्दी.

आणि हे नीट ऐका. गावात आपल्या माणसाला मारलं, ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर पुढं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. तिचं कलम 173(4) सांगतं की तक्रार लिहून टपालानं एसपीकडं पाठवा. जुन्या सीआरपीसीत कलम 154(3) हेच सांगत होतं. 'टपालानं' हा शब्द कायद्याचा आहे, माझा नाही. पुढं मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं तर हातात त्या टपालाची पावती लागते. ठाण्याच्या दारात पाटलाचा माणूस बसलेला असतो. बंद पाकिटावर त्याचा हात चालत नाही. म्हणून ते पाकीट किती दिवसांत पोचतं हा आपल्या जीवाचा प्रश्न आहे.

1 सप्टेंबर 2025 ला रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात 'विलीन' झालं. पुढच्या महिन्यापासून परगावी 50 ग्रॅमच्या स्पीड पोस्टला 47 रुपये, वर जीएसटी. पैसे स्पीडचे घ्यायचे आणि सॉर्टिंग लांब न्यायचं. वा रे धंदा!

मोठ्या स्टेशनावर आरएमएसची खिडकी रात्रीही उघडी असते. हजेरीवर राबणाऱ्याला दिवसा सवड कुठली? नोकरीचा फॉर्म शेवटच्या तारखेला रात्री धावत जाऊन मी असाच टाकलाय. नोकरी नाही लागली ती गोष्ट वेगळी, पण शिक्का त्याच तारखेचा पडला. साहेबाच्या पोराचा आणि हमालाच्या पोराचा फॉर्म त्या शिक्क्यापुढं सारखाच.

मी गोदीत ओझी वाहतो. जुनी माणसं सांगतात, खाडीपलीकडं कंटेनर गेले तेव्हा कुणाला काढलं नाही म्हणाले. नुसती भरती थांबली. टोळ्या आपोआप वाळल्या. आरएमएसमध्येही आज 'बदली' म्हणतील. उद्या मेलगार्ड, एमटीएस ही दहावी-बारावीवर मिळणारी पदंच उरणार नाहीत. जागा असली तरच ती राखीव. जागाच खाल्ली तर आरक्षण काय चाटायचंय?

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. मुक्यांचा तो आवाज वर्गणीदारांच्या दारात गेला टपालाच्या थैलीतून. हा अंकही त्याच थैलीतून गावाकडं जातोय.

तेव्हा शहरातल्या मित्रांनो, हा प्रश्न गावाकडच्यांचा म्हणून झटकू नका. तुमची आई, तुमची केस, तुमचा जातीचा दाखला अजून तिकडंच आहे. आपल्या तालुक्याचं टपाल कुठं सॉर्ट होतं ते शोधा. किती थैल्या येतात, किती पदं रिकामी आहेत, ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज टपालानंच टाका, पावती जपून ठेवा. टपाल कामगारांच्या मोर्चात आपला झेंडा घेऊन उभे राहा. मागणी साधी आहे. जिल्ह्याचं टपाल जिल्ह्यातच सॉर्ट करा, रात्रीची खिडकी उघडी ठेवा, रिकाम्या जागा भरा.

विलीन व्हायला आम्ही जन्मलो नाही. जयभीम!