संगणक बसवणाऱ्या कामगाराचा विमा कोणी उतरवायचा?

रेल्वेच्या खिडकीवर आज संगणकाशिवाय तिकीट निघत नाही आणि टपाल कार्यालयात संगणकाशिवाय पार्सल नोंदले जात नाही. रेल्वेचे आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकावर गेले. टपाल खात्यात २०१२ नंतर आधुनिकीकरणाचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. या यंत्रांमुळे किती जागा गेल्या, याचा हिशेब आम्ही या पानांतून वेळोवेळी मांडला आहे. आज प्रश्न वेगळा आहे. ही यंत्रे बसवायला जो कामगार येतो, तो शिडीवरून पडला तर त्याच्या घरच्यांनी कोणाच्या दारात जायचे?

हे काम बहुधा छोट्या कंत्राटदाराकडे जाते. त्याचे एक दुकान असते आणि हाताखाली पाच-सहा तरुण पोरे असतात. ती जड बॅटऱ्या खांद्यावरून जिना चढवून नेतात, छतावरच्या पोकळीत शिरून तारा ओढतात आणि जुन्या इमारतींच्या भिंतींना भोके पाडतात. त्या भिंतीतून विजेची तार कोठून गेली आहे, याचा नकाशा पुष्कळदा कोणाकडेच नसतो. स्थानकावर केबल टाकायची असेल तर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. याला 'टेबलावरचे काम' म्हणणाऱ्याने एक दिवस त्या शिडीवर उभे राहून पाहावे.

कायदा या कामगाराला विसरलेला नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. तारायंत्राच्या व टेलिफोनच्या तारा उभारणारा कामगार त्या कायद्याच्या परिशिष्टात होता. नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने काढले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात आला आहे. चार संहितांना आपल्या चळवळीचा विरोध आहे, तो कायम आहे. पण हातात असलेला हक्क वापरायचा सोडून देणे म्हणजे विरोध नव्हे.

हक्क केवढा आहे ते आकड्यांत पाहा. २५ वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळवणारा कामगार कामावर दगावला तर निम्म्या पगाराला वयाच्या गुणकाने, म्हणजे २१६.९१ ने, गुणायचे. ही रक्कम १३,०१,४६० रुपये होते. तोच कायमचा पूर्ण अपंग झाला तर पगाराचे ६० टक्के धरतात आणि रक्कम १५,६१,७५२ रुपये होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. सुरक्षा पट्टा लावला नव्हता, ही मालकाची नेहमीची सबब मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यावर चालत नाही.

पण तेरा लाख देणार कोण? कायद्याने जबाबदारी सक्तीची केली, तिच्यासाठी विमा मात्र सक्तीचा केला नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला, काम धोकादायक म्हणून जाहीर झालेले नसेल तर, राज्य विमा योजनाही सक्तीची नाही. ज्या कंत्राटदाराची सारी मालमत्ता म्हणजे भाड्याचे दुकान आणि एक टेम्पो, त्याच्याविरुद्धचा हुकूम विधवेच्या हाती कागदच राहतो. त्या कागदाचे पैसे व्हायचे असतील तर भरपाईच्या विम्याची पॉलिसी हवी.

पॉलिसी असते तेथेही हातचलाखी होते. हप्ता कामगारांची संख्या, त्यांचा पगार आणि कामाचा प्रकार यांवर ठरतो. मग सहाचे दोन दाखवतात, शिडीवरच्या पोराला कारकून लिहितात आणि पोटकंत्राटदाराची माणसे नोंदवतच नाहीत. उपचाराच्या खर्चासाठी पुष्कळदा जादा हप्ता द्यावा लागतो, तो वाचवतात. भरपाईला उशीर झाल्यावर लागणारे व्याज पॉलिसीतून वगळता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे. दंड तर सहसा वगळलेलाच असतो. म्हणून 'विमा आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

मुख्य मालकाचीही सुटका नाही. आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम त्याने कंत्राटाने दिले आणि अपघात त्याच्या ताब्यातील जागेत झाला, तर भरपाई त्याच्याकडे मागता येते. १९२३ च्या कायद्यात हे कलम १२ होते, संहितेतही ही तरतूद आहे. रेल्वेच्या बांधकाम कंत्राटांच्या सर्वसाधारण अटींत अशी रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याची सोय प्रशासनाने स्वतःसाठी करून ठेवली आहे. प्रशासन म्हणेल, संगणक बसवणे हा आमचा धंदा नाही. आमचे उत्तर सरळ आहे: ज्या यंत्रावाचून तुमची खिडकी उघडत नाही, ते बसवणे तुमच्या धंद्याचाच भाग आहे.

कोणी सभासद विचारील, कंत्राटी पोरांची चिंता आपण का वाहावी? शिडी आपल्या कार्यालयात लागते. कामाच्या वहीवर सही आपल्या पर्यवेक्षकाची असते आणि चौकशीत पहिले नाव त्याचेच येते. त्या पोरांत आपल्याच निवृत्त साथींचे मुलगे आहेत. शिवाय बिनविम्याचा कामगार स्वस्त पडतो, आणि तो स्वस्त पडतो म्हणूनच आपली कायम जागा भरली जात नाही.

तेव्हा भुसावळ असो, सिकंदराबाद असो की भोपाळ, प्रत्येक शाखेने तीन मागण्या लेखी द्याव्यात. एक, संगणकाच्या खरेदीबरोबर बसवण्याचे काम असेल तर निविदेतच भरपाई विम्याची अट घालावी. दोन, काम सुरू होण्यापूर्वी पॉलिसीची प्रत, मुदतीची तारीख आणि कामगारांची यादी कार्यालयात ठेवावी. तीन, पॉलिसीत कामाचे खरे वर्णन, उपचाराचा खर्च आणि पोटकंत्राटी कामगार असावेत.

अपघात झालाच तर त्याच दिवशी लेखी नोंद करून प्रत घ्या. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. दुःखात बुडालेल्या घरात पन्नास हजार ठेवून अंगठा घेणाऱ्याला तेथेच अडवा. आणि पॉलिसी दाखवल्याशिवाय आपल्या कार्यालयात शिडी लागू देऊ नका.