मुलगा रडला तर बिघडलं काय?

हल्लीची मुलं मऊ झाली, ही तक्रार डोंबिवलीत पुन्हा ऐकू येते आहे. तक्रारदारांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी रडणाऱ्या मुलाला ‘बांगड्या भर’ म्हणत, त्यातून तो घट्ट व्हायचा, आता समुपदेशक आले, आयांनी मुलांना कणीक मळायला बसवलं आणि पुरुषार्थ संपला. कणीक मळून कुणाचं मनगट दुबळं होत नाही. त्या आक्षेपाला एवढं उत्तर पुरे. ‘आयुष्य कठीण आहे, म्हणून मुलाला कठोर करा’ हा मुद्दा मात्र खोडायलाच हवा, कारण तो शहाणपणाचा वाटतो. इथल्या मुलाला कठीण आयुष्याची तालीम घरून द्यावी लागते का? कॉलेज सुरू झालं की सकाळची लोकलच ती देते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. ते हौसेने लटकले नव्हते, आत पाय ठेवायला जागा नव्हती. अशा गर्दीत ‘ही गाडी सोडतो, पुढची धरतो’ असं मित्रांसमोर म्हणायला धैर्य लागतं, आणि ‘घाबरतोस काय’ ऐकत वाढलेल्या मुलाकडून आपण तेच धैर्य काढून घेतलेलं असतं. भीती जीव वाचवते. ती गिळायला शिकवणं म्हणजे कणखरपणा नव्हे. पुढे हाच मुलगा पगार, कर्जाचे हप्ते आणि लग्नाच्या बायोडेटातला ‘स्वतःचा फ्लॅट’ यांखाली दबला तरी गप्प राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६. कारणं अनेक असतात: आजार, कर्ज, घरातले तंटे. पण मदत मागणं म्हणजे कमीपणा, ही शिकवण त्यातल्या प्रत्येक कारणाला बळ देते.

स्त्रिया कमी सोसतात का? नाही. पण स्वतःचं रडू गिळलेल्याला बायकोचं रडू कळत नाही, म्हणून हा तिचाही प्रश्न आहे. आणि ‘पुरुषार्थ संपला’ ही ओरडही नवी नाही: १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हाही संसार बुडण्याची ओरड झालीच होती. संसार बुडाले नाहीत.

मुलाला कष्ट द्या, जबाबदारी द्या, स्वयंपाक शिकवा. त्यासोबत बोलण्याची मुभाही द्या. सुरुवात बापाने करावी. ‘आज मला भीती वाटली’ हे वाक्य त्याने मुलासमोर एकदा उच्चारावं. घरात बोलणं जमत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे. तो आजच मुलाच्या फोनमध्ये नोंदवा, आणि त्याआधी स्वतःच्या.