संगमरवराचा शोध आणि आपला कातळ

मालवणच्या किनाऱ्यावर प्रस्तरारोहणास योग्य असा संगमरवर कुठे सापडेल, या प्रश्नाचे भूशास्त्रीय उत्तर दोन शब्दांचे आहे: सापडणार नाही. संगमरवर म्हणजे उष्णता व दाब सोसून रूपांतर पावलेला चुनखडक. सिंधुदुर्गात आहे तो मुख्यतः जांभा, सह्याद्रीच्या बाजूस काळा बेसॉल्ट आणि अधूनमधून क्वार्ट्झाइट. संगमरवरच पाहायचा तर नागपूर जिल्ह्यात देवलापारच्या बाजूस जावे, किंवा जबलपूरजवळ भेडाघाटास, जिथे नर्मदा पांढऱ्या कड्यांमधून वाहते.

तरीही हा प्रश्न आम्हांस विचारात घेण्याजोगा वाटतो, कारण त्यामागे आपली एक जुनी सवय दडलेली आहे. दगडांचीही आपण प्रतवारी लावून ठेवली आहे. पांढरा नि झिलईदार तो कुलीन. तांबडा नि सच्छिद्र तो घराच्या भिंतीपुरता. वास्तविक आरोहकाला झिलई काय कामाची? संगमरवरातील कॅल्साइटची कठिणता मोह्सच्या मापनात जेमतेम 3. हातापायांच्या वारंवार घर्षणाने त्यावरील पकडी गुळगुळीत होतात. मराठी आरोहकांची परंपरा घडली ती तैलबैला, नागफणी, लिंगाणा यांच्या काळ्या पाषाणावर.

मग किनाऱ्यावरच्या जांभ्यावरच चढावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातील अशाच दगडास विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' म्हटले, ते सार्थ होते. खाणीत मऊ असणारा हा दगड हवा लागली की कठीण होतो आणि भिंतीत वरचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलतो. मात्र त्यात ठोकलेला बोल्ट बाहेर ओढला गेला, तर भोवतीचा सच्छिद्र दगड दगा देऊ शकतो. त्यात समुद्राची खारी हवा. तिने स्टेनलेस स्टीललाही सूक्ष्म तडे जातात. म्हणूनच थायलंडच्या सागरी कड्यांवर टायटॅनियमचे बोल्ट वापरावे लागले.

याहून मोठे कारण असे, की हा कातळ रिकामा नाही. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यात कुडोपीही आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांतील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. पावसाळ्यात त्याच सड्यांवर इवल्या फुलांचे ताटवे फुलतात.

आमचा मुद्दा आरोहणाच्या विरोधात नाही. ज्यांना कडे खुणावतात त्यांनी सह्याद्रीचा बेसॉल्ट अवश्य जवळ करावा. पण जो दगड आपल्याला सामान्य वाटतो, तो वाचवावा असेही आपल्याला वाटत नाही. चिरेखाणीत सडा कापला जातो तेव्हा फारसे कुणी हळहळत नाही, ते यामुळेच. कडा, सुळका, कपार, घळ, कातळ, सडा अशी दगडाच्या प्रत्येक रूपाला वेगळे नाव देणारी आपली भाषा आहे. नाव देण्याआधी पूर्वजांनी ते रूप निरखून पाहिले असणार. नसलेल्या संगमरवराचा शोध घेण्यापूर्वी पायाखालच्या कातळाकडे तितक्याच निगुतीने पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.